प्राडोची जादा टाकी : साठ लिटर डिझेल आणि त्याचे वजन

ऑस्ट्रेलियात विकल्या गेलेल्या टोयोटाच्या १५० मालिकेतील डिझेल प्राडो या जीपसारख्या गाडीला कारखान्यातूनच दोन टाक्या येत असत : ८७ लिटरची मुख्य टाकी आणि मागच्या बाजूला ६३ लिटरची दुसरी, म्हणजे एकूण १५० लिटर. पुढे मागच्या दारावर स्टेपनी नसलेली, सपाट दाराची आवृत्ती निघाली. तिच्यात स्टेपनी गाडीच्या पोटाखाली गेली आणि त्या जागेतली दुसरी टाकी काढून टाकण्यात आली. तीन वर्षांपूर्वी ॲडलेडमध्ये आम्ही जुनी प्राडो घेतली ती नेमकी या सपाट दाराची. दार हलके होते, बाजाराच्या पार्किंगमध्ये मागे फारशी जागा लागत नव्हती आणि आम्हा दोघांनाही गाडी आवडली होती. ८७ लिटर किती कमी पडतात हे उत्तरेकडच्या कच्च्या रस्त्यांवर जाऊ लागल्यावर कळले. गेल्या वर्षी तिला सुमारे साठ लिटरची जादा टाकी बसवून घेतली. त्यानंतर गाडी चौदा हजार किलोमीटर चालली असून त्यात सिम्प्सन वाळवंटाचा आडवा प्रवासही आहे, त्यामुळे या टाकीविषयी आता खात्रीने लिहिता येईल असे वाटते.

टाकी घेण्यापूर्वी दोन वर्षे आम्ही जेरीकॅनवर भागवले. वीस लिटरचा एक भरलेला कॅन साधारण एकवीस किलोचा होतो. असे तीन कॅन टपावरच्या कॅरियरवर बांधले की साठ-पासष्ट किलो वजन गाडीच्या सर्वांत उंच जागी जाऊन बसते, आणि उतरणीच्या, एका अंगाला कललेल्या रस्त्यावर गाडी पहिल्यापेक्षा जास्त डोलते हे स्टिअरिंगवरच्या हातांना लगेच जाणवते. ऊडनाडाटा ट्रॅक या कच्च्या रस्त्यावर एकदा भर वाऱ्यात मी टायरवर पाय ठेवून कॅन खाली घेतला आणि नरसाळ्यातून ओतताना निदान पेलाभर डिझेल दारावर आणि माझ्या बाहीवर सांडले. तो वास पुढे दोन दिवस गाडीत राहिला आणि मागे बसलेल्या मुलीला मळमळू लागले. कॅन गाडीच्या आत ठेवणे तर मला कधीच मान्य नव्हते. बंद गाडीत इंधनाची वाफ आणि अपघातात पुढे फेकला जाणारा वीस किलोचा डबा, या दोन्ही गोष्टी कुटुंबासोबत प्रवास करणाऱ्याने पत्करू नयेत. म्हणून जास्तीचे डिझेल न्यायचेच असेल, तर ते गाडीच्या खाली, दोन चासीपट्ट्यांच्या मधे आणि घट्ट बांधलेल्या टाकीत असावे, असे आम्ही ठरवले.

बाजारात दोन जातीच्या टाक्या मिळतात. एआरबीच्या फ्रंटियर टाक्या पॉलिएथिलीनच्या असतात, तर लाँग रेंज ऑटोमोटिव्ह आणि ब्राउन डेव्हिस हे उत्पादक ॲल्युमिनियमचा थर दिलेले पोलाद वापरतात. प्लास्टिकची टाकी गंजत नाही, वजनाला कमी असते आणि दगड लागला तर थोडी दबून पुन्हा पूर्वीसारखी होते. पोलादी टाकीचा पत्रा मात्र पातळ असल्यामुळे तेवढ्याच जागेत काही लिटर जास्त मावतात. मी पोलादाची घेतली, कारण माझ्या गाडीखालच्या अडचणीच्या जागेत तीच नीट बसत होती. दोन्हींच्या आत आडवे पडदे आहेत की नाहीत हे मात्र विचारून घ्यावे. अर्धवट भरलेल्या टाकीतले तीस लिटर डिझेल प्रत्येक खड्ड्यात पुढे-मागे आदळू लागले, तर त्याचा आवाज येतोच, शिवाय टाकीच्या कोनांवर आणि वेल्डिंगवर सतत ताण येत राहतो.

खरी अडचण स्टेपनीची होती. टाकीला हवी असलेली जागा स्टेपनीने व्यापलेली होती, म्हणून स्टेपनी बाहेर काढावी लागली आणि ती टांगण्यासाठी मागचा मूळ बंपर उतरवून, बाजूला उघडणारा दांडा असलेला पोलादी बंपर बसवावा लागला. टाकी, तिच्यातले डिझेल मुख्य टाकीत ढकलणारा पंप आणि मजुरी मिळून सुमारे २,६०० डॉलर झाले. बंपर, सेन्सर आणि कॅमेऱ्याची जागा बदलण्याचे काम धरून आणखी ३,८०० डॉलर लागले. म्हणजे टाकीपेक्षा तिला जागा करून देण्याचा खर्चच मोठा होता. जुनी प्राडो घेण्याच्या विचारात असलेल्या आणि लांबच्या प्रवासाची आवड असलेल्या प्रत्येकाला मी हेच सांगतो की, मागच्या दारावर स्टेपनी असलेली गाडी घ्यावी. दार जड वाटेल, पण १५० लिटर कारखान्यातूनच मिळतील आणि गाडीच्या संगणकालाही त्यांची माहिती असेल.

बसवणुकीबद्दल माझी तक्रार आहे आणि ती मी सविस्तर सांगणार आहे, कारण हा दोष कोणाच्याही गाडीत राहू शकतो. काम झाल्यावर पहिल्यांदा पंपावर गेलो तेव्हा नव्या टाकीत नळी घातल्यापासून दर तीन-चार लिटरला ती खट्कन बंद होत होती. साठ लिटर भरायला पंधरा मिनिटे लागली आणि शेवटी तोंडातून डिझेल उसळून चाकावर सांडले. गॅरेजवाल्यांना फोन केला तर त्यांनी सांगितले की या टाक्यांचे असेच असते, नळी उलटी धरून हळू भरा. हे उत्तर मला पटले नाही. दुसऱ्या दिवशी घराच्या आवारात गाडीखाली आडवा पडून बॅटरीच्या उजेडात पाहिले, तेव्हा कारण डोळ्यांसमोर होते : टाकीतली हवा बाहेर जाण्यासाठी असलेली बोटाएवढी नळी, जिला सगळे ब्रीदर म्हणतात, ती टाकीवरून निघून सरळ वर जाण्याऐवजी चासीपट्टीखाली झोळीसारखी लोंबत होती. त्या झोळीत डिझेल साचत होते, हवेची वाट बंद होत होती आणि आत कोंडलेली हवा भरण्याच्या तोंडातूनच परत येत होती. त्या गॅरेजमध्ये पुन्हा न जाता मी दुसऱ्या मेकॅनिकला गाडी दाखवली. त्याने नळी चार बोटे कापून लहान केली, चढती ठेवून दोन ठिकाणी क्लिपने आवळली आणि वीस मिनिटांत काम संपवले. तेव्हापासून टाकी एका दमात भरते. गाडी ताब्यात घेण्यापूर्वी गॅरेजच्या माणसाला सोबत घेऊन पंपावर जावे आणि त्याच्यासमोर टाकी काठोकाठ भरून पाहावी, एवढे मी यातून शिकलो.

आता वजनाविषयी. टाकीच्या जाहिरातीत लिटर आणि किलोमीटर असतात, किलो कोठेच दिसत नाहीत. प्रत्यक्षात मात्र आपण किलोच विकत घेत असतो. एक लिटर डिझेल साधारण ८४० ग्रॅमचे, म्हणजे साठ लिटरचे पन्नास किलो झाले. टाकी, तिचे पट्टे, खालचा दगडरक्षक पत्रा आणि पंप यांचे पंचवीस किलो धरले, तर पंच्याहत्तर किलो वाढले. शिवाय हे वजन मागच्या आसाच्याही मागे लटकते. प्राडोच्या दोन आसांमधले अंतर २,७९० मिलिमीटर आहे. टाकीचा मध्य मागच्या आसापासून ८०० मिलिमीटर मागे धरला, तर साध्या तरफेच्या हिशोबाने मागच्या आसावर पंच्याहत्तर नव्हे तर जवळपास सत्त्याण्णव किलो भार येतो आणि पुढच्या आसावरचे एकवीस-बावीस किलो उचलले जातात. बंपर आणि त्यावरची स्टेपनी त्याहूनही मागे असल्याने त्यांचा परिणाम आणखी जास्त होतो. पुढची चाके हलकी झाली की ओल्या डांबरावर ब्रेक मारताना आणि वळताना गाडी पूर्वीसारखी वागत नाही, हे मी पहिल्या आठवड्यातच अनुभवले. मागच्या स्प्रिंग बदलून जाड घेतल्यावर गाडीची मान पुन्हा खाली आली आणि रात्री समोरच्याच्या डोळ्यांत जाणारा हेडलाइटचा झोतही जागेवर आला.

परंतु जाड स्प्रिंग घातल्याने गाडीची कायदेशीर वजनमर्यादा वाढत नाही. १५० मालिकेच्या प्राडोला माणसे, सामान आणि इंधनासह एकूण २,९९० किलोची मर्यादा आहे. प्रमाणित संच बसवून, त्याची कागदपत्रे करून घेतली तरच ती वाढवता येते, आणि तसे मी केलेले नाही. सिम्प्सनला निघण्यापूर्वी दोन्ही टाक्या, पाणी, तंबू, शिधा आणि आम्ही तिघे असे सगळे भरून गाडी सार्वजनिक वजनकाट्यावर उभी केली, तर काट्याने ३,०६० किलो दाखवले. सत्तर किलो जास्त भरल्याचे पाहून आम्ही त्याच संध्याकाळी पूर्ण गाडी रिकामी केली. लाकडी खणांचा संच काढला, दुसरा गॅस सिलिंडर काढला, लोखंडी तवा आणि जादा खुर्च्या घरी ठेवल्या, आणि पुन्हा काट्यावर गेलो तेव्हा २,९४० भरले. पाण्यात मात्र काटछाट केली नाही. वाळवंटात डिझेल संपले तर माणूस गाडीजवळ थांबून मदतीची वाट पाहू शकतो, पण पाण्याशिवाय थांबता येत नाही. जादा टाकी घेणाऱ्याने काट्यावरची ही फेरी टाळू नये. मर्यादेबाहेर भरलेल्या गाडीला अपघात झाला, तर विमा कंपनीशी वाद होण्याची पुरेपूर शक्यता असते. टाकी बसवल्याची लेखी माहितीही मी विमा कंपनीला दिली आणि त्यांची पोच जपून ठेवली आहे.

सिम्प्सनचे वाळवंट उन्हाळ्यात, म्हणजे १ डिसेंबर ते १५ मार्च, वाहनांसाठी बंद असते. आम्ही जुलैत गेलो. पश्चिमेला माउंट डेअर आणि पूर्वेला क्वीन्सलँडमधले बर्ड्‌सव्हिल यांच्या मधे एकही पंप नाही. आम्ही धरली ती वाट फ्रेंच लाइनची. तेलाच्या शोधासाठी फ्रेंच पेट्रोलियम कंपनीने १९६३ मध्ये ही सरळ रेघ वाळूत आखली. वाळूच्या टेकड्या उत्तर-दक्षिण पसरलेल्या आणि वाट पूर्व-पश्चिम, त्यामुळे अकराशेच्या आसपास टेकड्या एकामागून एक चढाव्या-उतराव्या लागतात. टेकड्यांचा पूर्वेकडचा उतार जास्त उभा असल्यामुळे पश्चिमेकडून पूर्वेकडे जाणे त्यातल्या त्यात सोपे, आणि आम्ही तसेच गेलो. टायरमधली हवा १६ पीएसआयपर्यंत उतरवली. लो रेंजमध्ये, म्हणजे कमी वेगाच्या पण जास्त ओढीच्या जोडणीत, दुसरा किंवा तिसरा गिअर, टेकडीच्या माथ्यावर क्षणभर फक्त आकाश दिसते आणि मग खाली उतरून पुन्हा तेच. अशा चालीत गाडी डिझेल किती पिते हे आधीच्या कोणत्याही प्रवासावरून सांगता आले नसते. हायवेवर भरलेल्या गाडीला शंभर किलोमीटरला अकरा लिटर लागत होते. इथे एकोणीस लागले.

थोड्या आडवाटा धरून माउंट डेअर ते बर्ड्‌सव्हिल आमच्या मीटरवर ५२० किलोमीटर झाले आणि त्याला ९९ लिटर डिझेल लागले. नुसत्या ८७ लिटरच्या टाकीवर आम्ही बिग रेड या अखेरच्या मोठ्या टेकडीपर्यंतही पोहोचलो नसतो. बर्ड्‌सव्हिलला पंपावर उभे राहिलो तेव्हा दोन्ही टाक्यांत मिळून ४८ लिटर शिल्लक होते, म्हणजे त्याच वाळूत आणखी अडीचशे किलोमीटर. तिसऱ्या दिवशी पोपेल कॉर्नरच्या अलीकडे, जिथे क्वीन्सलँड, साउथ ऑस्ट्रेलिया आणि नॉर्दर्न टेरिटरी यांच्या सीमा मिळतात, तिथे एका तलावाच्या मऊ चिखलाला वळसा घालण्यासाठी आम्हाला परत फिरून दुसरी वाट धरावी लागली. त्या वेळी पत्नीने फक्त इतकेच विचारले, ‘पुरेल ना?’ मी न थांबता हो म्हणालो. त्या खात्रीची किंमत मला लिटरच्या हिशोबात मांडता येत नाही.

वापरण्याची पद्धत सोपी आहे, पण ती अंगवळणी पडावी लागते. जादा टाकीतून इंजिनाला थेट डिझेल जात नाही. डॅशबोर्डवरचे बटण दाबले की एक छोटा विजेचा पंप ते मुख्य टाकीत ढकलतो. साठ लिटर जायला माझ्या गाडीत पाऊण तासाहून थोडा जास्त वेळ लागतो. मुख्य टाकीचा काटा पावावर आला की सगळेच्या सगळे डिझेल मावते. त्याआधी पंप सुरू करून विसरलात, तर मुख्य टाकी भरून डिझेल वाफेच्या नळीतून बाहेर पडू शकते. या बटणाला ठराविक वेळेनंतर आपोआप बंद होण्याची सोय नाही, आणि या किमतीत ती असायलाच हवी होती. मी फोनवर गजर लावून ठेवतो. जादा टाकीचा स्वतंत्र काटा पाच दिव्यांचा आहे. उतारावर तो चुकीचे दाखवतो, सपाट जागी ठीक असतो. ‘आणखी इतके किलोमीटर जाता येईल’ हा गाडीच्या संगणकाचा आकडा फक्त मुख्य टाकी पाहून येतो, म्हणून लांबच्या प्रवासात मी वहीत लिटर आणि मीटरचे आकडे लिहितो.

वाळवंटात मात्र पावाची वाट पाहू नये. पंप बिघडला किंवा फ्यूज उडाला, तर साठ लिटर डिझेल पायाखाली असूनही उपयोगाचे राहत नाही. म्हणून पहिल्याच दिवशी, मुख्य टाकी अर्धी झाली तेव्हा, डालहौसीच्या गरम झऱ्यांपलीकडच्या मुक्कामावर मी तीस लिटर ढकलून पाहिले. तिथून माउंट डेअरला परत जाणे अजून शक्य होते. सोबत दोन फ्यूज आणि हाताने दाबायचा रबरी पंप ठेवला होता, त्यांची गरज पडली नाही. आणखी एक बारीक गोष्ट : पहाटेच्या थंडीत टाक्या काठोकाठ भरू नयेत. दुपारपर्यंत तापमान पंधरा-सतरा अंशांनी चढले तर १४७ लिटर डिझेल जवळपास दोन लिटरने फुगते आणि त्याला जागा लागते. ऊडनाडाट्याला सकाळी सातला भरलेल्या टाकीच्या झाकणाखाली दुपारी ओलसर डाग दिसला, त्याचे कारण हेच होते.

शहरात परतल्यावरही जादा टाकी महिनोन्महिने तशीच ठेवू नये. अर्धवट टाकीत दमट हवा थंड होऊन पाणी धरते, आणि आजच्या कॉमन रेल डिझेल इंजिनाच्या इंजेक्टरला पाण्याचा थेंबही सोसत नाही. मी दर दोन-तीन भरण्यांनंतर वीस लिटर जादा टाकीत घेतो आणि ते पुढे पाठवतो. शहरात ती काठोकाठ भरून फिरण्यात अर्थ नाही, कारण पन्नास किलो उगाच ओढल्याचे पैसे रोज मोजावे लागतात.

नाशिकच्या माझ्या मेव्हण्याने फोटो पाहून विचारले की त्याच्या फॉर्च्युनरला अशी टाकी बसवता येईल का. मी त्याला दोन गोष्टी सांगितल्या. भारतात मोटार वाहन कायदा, १९८८ च्या कलम ५२ प्रमाणे उत्पादकाने दिलेल्या मूळ तपशिलाशी विसंगत बदल गाडीत करता येत नाहीत, आणि २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही हीच भूमिका घेतली. त्यामुळे गल्लीतल्या वेल्डरकडून टाकी जोडून घेण्याचा विचार मनातही आणू नये. दुसरे म्हणजे त्याला तिची गरजच नाही. मनाली-लेह रस्त्यावर तांडीच्या पंपाजवळची ‘पुढचा पंप ३६५ किलोमीटर’ ही पाटी प्रसिद्ध आहे. फॉर्च्युनरची टाकी ८० लिटरची आहे. घाटात लिटरला आठ किलोमीटरचेच ॲव्हरेज मिळाले असे धरले, तरी ६४० किलोमीटर होतात. तांडीला टाकी पूर्ण भरून निघाले की पुरे.

ऑस्ट्रेलियातही ज्यांचा प्रवास ॲडलेड-मेलबर्न किंवा फार तर नलरबॉरच्या डांबरी रस्त्यापुरता आहे, त्यांना मी ही टाकी घेऊ नका असेच सांगेन, कारण तिथे पंप पुरेसे जवळ आहेत आणि साठ लिटरची टाकी नुसती ओझे होईल. आमच्यासारखे दरवर्षी एकदा तरी वाळूत किंवा आउटबॅकच्या कच्च्या रस्त्यांवर जाणारे असाल, तर खर्च रास्त आहे. गेल्या महिन्यात गाडी रॅम्पवर चढवून तपासली. दगडरक्षक पत्र्यावर दोन खोल ओरखडे होते आणि मागचा एक पट्टा अर्धा आटा सैल झाला होता. तो आवळून घेतला, चारही बोल्टांवर पांढऱ्या रंगाची खूण केली, आणि आता प्रत्येक कच्च्या रस्त्यानंतर खाली वाकून त्या खुणा जागेवर आहेत का, ते पाहतो.